मोटारीचे इंजिन का तापते?

(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



मोटारीच्या इंजिनावर बोलावयास भाषा आणि इतिहास शिकविणारा मास्तर उभा राहिला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण साधे आहे. आमच्या वर्गाच्या नोंदवहीत पालकांच्या व्यवसायाचा जो रकाना असतो, त्यात 'चालक' हा शब्द फार वेळा येतो. कोणी वडापची जीप चालवितो, कोणी आंब्याच्या पेट्यांचा टेंपो, कोणाची टॅक्सी मुंबईत फिरते, तर कोणी आखातात दुसऱ्याची गाडी चालवून इकडचे घर चालवितो. अशा घरात गाडी तापली म्हणजे नुसती गाडी थांबत नाही, त्या दिवसाची कमाई थांबते; आणि गाडी तापत असताना तशीच पुढे दामटली, तर महिन्यांची कमाई जाते. मी मिस्त्री नाही. परंतु चांगल्या मिस्त्रींच्या शेजारी बसून, त्यांना प्रश्न विचारून आणि पुस्तकांतून त्याचा ताळा पाहून मला जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंजिन तापणे म्हणजे बिघाड नव्हे, ती बिघाडाची खूण आहे. अंगात ताप आहे एवढे सांगून वैद्य औषध देत नाही. ताप कधी चढतो, थंडी वाजते का, खोकला आहे का, हे तो आधी विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण "गाडी गरम होते" एवढेच सांगतो आणि समोरचा माणूस लगेच पान्हा उचलतो. माझे आजचे बहुतेक सांगणे या एका सवयीविरुद्ध आहे.

इंजिन मुळात तापते का, ते थोडक्यात पाहू. सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा क्षणभर आतील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही तो वितळत नाही, कारण ही आग क्षणापुरती असते आणि भोवती खेळणारे पाणी व खालून उडणारे तेल उष्णता सतत काढून नेत असते. इंधनातील उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी चाके फिरविण्याच्या कामी येतो. तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरवाटे जातो. उरलेली बहुतेक उष्णता पाण्याच्या गळ्यात पडते. ही उष्णता किती असते? एक लिटर पेट्रोल जळले, तर पाण्याच्या वाट्याला येणाऱ्या उष्णतेवर तीसएक लिटर गार पाणी सहज उकळेल. भरल्या गाडीला घाटाच्या चढावर एक लिटर इंधन जाळावयास पाव तास पुरतो. आणि लहान मोटारीच्या रेडिएटर-इंजिनात मिळून पाणी असते चार-पाच लिटर. तेव्हा ते पाणी उकळते कसे, यापेक्षा एरवी ते उकळत कसे नाही, हाच खरा कौतुकाचा प्रश्न आहे.

आरंभी ते उकळतच असे. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा त्या गाडीचे पाणी वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीवरील या रेडिएटरमध्ये आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. पाण्याला जितकी अधिक बाजूंनी हवा लागेल तितके ते लवकर निवेल. चहा कपातून बशीत ओतून पिणाऱ्या आपल्या लोकांना हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पाण्याचा रस्ता पाहू. इंजिनाच्या पोटातून तापलेले पाणी वरच्या जाड रबरी होजपाइपातून रेडिएटरमध्ये येते, त्यातील नळ्यांतून जाताना निवते, आणि खालच्या होजपाइपातून पंप ते पुन्हा इंजिनात खेचतो. या पंपाला गॅरेजमध्ये 'वॉटर बॉडी' असेही म्हणतात. रेडिएटरमागे पंखा असतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या दरम्यान थर्मोस्टॅट नावाचे एक दार असते. इंजिन गार असताना ते बंद राहते, आणि पाणी ८२ ते ९० अंशांच्या सुमारास तापले की त्यातील मेण वितळून फुगते व दार उघडते. शेवटचा भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, म्हणून त्याविषयी दोन वाक्ये जास्त बोलतो.

आपल्या स्वयंपाकघरातील कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते. कुकरमध्ये शिटीच्या वजनामुळे दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापते. रेडिएटरचे झाकण म्हणजे ही शिटी होय. त्यातील स्प्रिंग सुमारे एक बार दाब धरून ठेवते, म्हणून १०५ किंवा ११० अंशांवरही पाणी शांत राहते. झाकणाचे रबर झिजले की दाब धरत नाही, आणि शंभरालाच उकळी फुटते. डोंगरावर तर त्याही आधी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच असल्यामुळे तेथे उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. नवे झाकण घेताना जुन्यावरील दाबाचा आकडा पाहून तोच आकडा असलेले घ्यावे. नुसते आट्यात बसते म्हणून घेऊ नये. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसते, ते शेजारच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर असते. जागा बदलली तरी काम तेच.

कुकर तापलेला असताना झाकण उघडू नये, हे घरातील लहान मुलीलाही ठाऊक असते. परंतु तिचे वडील रस्त्याच्या कडेला गाडी लावून, हातात फडके घेऊन, वाफाळत्या रेडिएटरचे झाकण फिरवितात. झाकण उघडताच दाब जातो, शंभराच्या वर तापलेले पाणी एका क्षणात उकळून कारंज्यासारखे उडते, आणि ते उडते नेमके चेहऱ्यावर व छातीवर, कारण माणूस त्यावर वाकलेला असतो. घाईत वाचलेली दहा मिनिटे अशी इस्पितळात भरून द्यावी लागतात. वरचा होजपाइप उघड्या हाताने धरता येईल इतका निवेपर्यंत झाकणाला हात लावावयाचा नाही. त्याला अर्धा तास लागो की पाऊण तास, उतारूंना चहा प्यावयास पाठवावे.

मग काटा वर चढू लागताच काय करावे? एसी चालू असेल तर बंद करावा. ज्या गाडीत हीटर आहे तिचा हीटर पूर्ण चालू करावा व काचा उघडाव्या. उकाड्यात हे वेडेपणाचे वाटेल, पण हीटर हा एक लहानसा रेडिएटरच असतो, आणि आत येणारी गरम हवा ही इंजिनातून काढलेली उष्णता असते. तेवढ्याने काटा उतरला नाही किंवा तांबडा दिवा लागला, तर पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे. पुढच्या गावापर्यंत जाऊ, घाटमाथा आलाच आहे, असे मनात आणू नये. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नये. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर जे होते तेच हेडचे होऊ शकते. बॉनेट उघडल्यावर पंख्यात हात घालू नये. विजेवरचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक फिरू लागतो.

आता निदानाकडे वळतो. दोन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगितली म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील चिपळूणहून कराडकडे उतारूंची जीप चालवीत. जुनी डिझेल गाडी, पंखा पट्ट्यावर फिरणारा. पोफळी सोडून कुंभार्ली घाटाचा चढ लागला की काटा चढे. एका गॅरेजमध्ये त्यांना रेडिएटर बदलावयास सांगितले, त्यांनी बदलला. गाडी तापतच राहिली. दुसरीकडे थर्मोस्टॅट काढून टाकला. तिसऱ्या खेपेला वॉटर बॉडी नवी बसविली. तोपर्यंत मुलीच्या वसतिगृहाच्या वर्षाच्या फीइतकी रक्कम गॅरेजमध्ये गेली होती, आणि ही रक्कम कोठून आणावी याचा विचार करीत ते माझ्याकडे आले होते. गाडीविषयी बोलणे निघाले ते त्यानंतर. मी त्यांना एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात.

उस्तादांनी बॉनेट उघडले नाही. स्टुलावर बसून त्यांनी विचारावयास आरंभ केला.

"भाई, गाडी तापते कधी?"

"घाटात."

"गावात, बाजारात उभी असली तर?"

"तेव्हा काही नाही. तासभर चालू ठेवली तरी काटा जागचा हलत नाही."

"चढ लागल्यापासून किती वेळाने?"

"दहा मिनिटे, फार तर बारा."

"आणि मध्येच थांबून, न्यूट्रलमध्ये चालू ठेवली तर?"

"मग उतरतो काटा. म्हणून तर दर खेपेला दोनदा थांबतो."

"पाणी कमी होते?"

"थोडेसे. झाकणापाशी ओल दिसते."

वाचकहो, या पाच उत्तरांत काय काय निकालात निघाले पाहा. उभ्या गाडीत काटा स्थिर राहतो, म्हणजे पंखा आणि त्याचा पट्टा ठीक आहे. कारण उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचा असतो. गाडी सुरू केल्यावर पाच मिनिटांत तापत नाही, म्हणजे पाणी अजिबात फिरत नाही असेही नाही. इंजिनावर ताण असताना, ते जोरात फिरत असतानाच तापते. म्हणजे थोडी उष्णता पाणी वाहून नेऊ शकते, जास्त आली की रस्ता अपुरा पडतो. रस्ता कोठेतरी अरुंद आहे. रेडिएटर तर नवा. तेव्हा रेडिएटरच्या पुढे किंवा मागे.

त्यानंतर उस्तादांनी बॉनेट उघडले, गाडीच्या मालकाला आत बसवून इंजिन जोरात फिरवावयास सांगितले, आणि आम्हाला खालच्या होजपाइपाकडे बोट दाखविले. इंजिन हळू फिरत असताना पाइप गोल होता. ॲक्सिलरेटर दाबताच तो दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊन चपटा झाला, उसाच्या चिपाडासारखा. ॲक्सिलरेटर सोडताच पुन्हा गोल. पाइप जुना होऊन लिबलिबीत झाला होता आणि त्याच्या आत असावी लागणारी तारेची स्प्रिंग गंजून गेली होती. पंपाच्या ओढीने तो मिटत असे आणि पाणी ज्या वेळी सर्वांत जास्त हवे त्याच वेळी रस्ता बंद होई. याला झाकणाचीही साथ होती. रबर गेलेले असल्यामुळे आत दाब राहत नव्हता. दाब असता तर त्याने पाइपाला आतून आधार दिला असता आणि तो इतक्या सहज मिटला नसता. झाकणापाशी दिसणारी ओल त्याचीच होती. नवा होजपाइप आणि नवे झाकण मिळून कराडच्या एका फेरीच्या भाड्यातून पैसे उरले.

आधीच्या तीन गॅरेजवाल्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी गाडी अंगणात उभी करून पाहिली, आणि अंगणात उभी असताना ती गाडी निरोगी होती. चुकले ते विचारण्यात.

तेव्हा आपली गाडी मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी ही उत्तरे आपल्याजवळ हवीत. जमल्यास कागदावर लिहून न्यावीत. सर्वांत मोठा प्रश्न हा की, उभ्या गाडीत तापते की धावत्या?

बाजारात, फाटकापाशी, वाहतुकीच्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर आपोआप उतरतो, असे असेल तर दहापैकी आठ वेळा पंखा पाहावा. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेल्या पद्मिनी टॅक्सीत पंखा इंजिनाच्याच पट्ट्याने फिरे. अशा गाड्यांत पट्टा सैल झाला की पंखा व पंप दोन्ही मंदावतात. पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावे. सेंटिमीटरभर दबला तर ठीक, लोंबत असेल तर ताणावा, चिरा दिसल्या तर बदलावा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि विजेवरचा पंखा घरोघरच्या गाडीत आला. हा पंखा पाणी ठराविक अंशांपर्यंत तापले की आपोआप सुरू होतो. म्हणून तो बंद पडला आहे हे मोकळ्या रस्त्यावर कळतच नाही. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरला पाहिजे. ही घरबसल्या करावयाची परीक्षा. नाही फिरला तर आधी फ्यूज पाहावा, मग रिले, मग वायरची जोडणी, आणि शेवटी पंख्याची मोटर. हा क्रम किमतीचाही आहे. वीस-पंचवीस रुपयांच्या फ्यूजसाठी पंख्याची अख्खी मोटर बदललेली मी पाहिली आहे.

याउलट उभ्या गाडीत ठीक आणि चढावर किंवा वेगात तापते, असे असेल तर पाण्याच्या वाटेचा संशय घ्यावा. पाणी कमी आहे का, रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी बुजला आहे का, खालचा पाइप मिटतो का, पंपाची पाती झिजली आहेत का. रेडिएटरच्या जाळीत भाताचे तूस आणि मेलेले किडे अडकून थर जमतो. तो इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, असा पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. जोराचा फवारा मारला तर नाजूक पत्र्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

आणि गार गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला, तर पाणी नाही किंवा पाणी फिरत नाही. येथे फडके घेऊन दोन्ही होजपाइप हळूच चाचपावे. वरचा चटका देणारा आणि खालचा गार, तर पाणी रेडिएटरमधून वाहत नाही. थर्मोस्टॅटचे दार अडकले असण्याचा संभव मोठा.

थर्मोस्टॅटचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्याकडे गाडी तापली की तो काढून फेकून देण्याची एक रीतच पडली आहे. "आपल्या देशात उष्णता आहे, याची गरज नाही," असे सांगतात. हे मला पटत नाही. हे दार बाहेरच्या हवेसाठी नसून इंजिनाच्या आतील तापमानासाठी आहे. ते नसले की इंजिन लवकर तापत नाही, इंधन जास्त खाते, आणि कमी तापलेल्या इंजिनाची झीज अधिक होते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरते आणि गाडी उलट जास्तच तापते. तो बिघडला आहे की नाही हे पाहावयास गॅरेजही लागत नाही. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने एका पातेल्यातील पाण्यात लोंबता सोडावा, शेजारी शाळेच्या प्रयोगशाळेतील थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवीत जावे. थर्मोस्टॅटवर जो आकडा कोरलेला असतो त्याच्या आसपास दार उघडू लागले व पाणी निवल्यावर मिटले, तर तो निर्दोष. पाणी उकळले तरी उघडले नाही, तर चोर सापडला. गेल्या वर्षी आठवीच्या मुलांनी हा प्रयोग केला, तेव्हा ८२ आकडा असलेले दार ८३ अंशांना हलताना पाहून वर्गात टाळ्या पडल्या. ते पातेले मात्र नंतर स्वयंपाकाला वापरू नये.

पाण्याविषयी. पुष्कळजण रेडिएटरमध्ये हाताला येईल ते पाणी भरतात. विहिरीचे, बोअरचे, वाटेतल्या ओढ्याचे. देशावर बोअरचे पाणी ज्या पातेल्यात रोज तापते त्याच्या तळाशी पांढरा खर धरतो, तो आपण पाहिला असेल. तोच खर इंजिनाच्या आत धरतो, आणि तो उष्णता अडवितो. कोकणातील पाण्याने खर कमी धरला तरी नुसत्या पाण्याने गंज चढतोच. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कुलंटच वापरावे. मिसळावयाचे पाणी बॅटरीत घालतात तसले शुद्ध केलेले असावे. कुलंट गंज रोखते आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढविते. रस्त्यात अडल्यावर साधे पाणी घातले तर हरकत नाही, पण घरी पोचल्यावर ते काढून टाकावे. एक इशारा मात्र मातांनी ऐकावा. कुलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते. ते रंगीत सरबतासारखे दिसते. उरलेले कुलंट पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये आणि अंगणात सांडू नये. मुले पितील, मांजरे चाटतील.

कधीकधी दोष पाण्याच्या वाटेत नसतोच. ब्रेक चिकटून राहिले, क्लच घसरू लागला, सायलेन्सर आतून तुंबला, किंवा पेट्रोल गाडीचे टायमिंग मागे पडले, तर इंजिनाला त्याच कामासाठी जास्त इंधन जाळावे लागते आणि ते तापते. गाडीची ओढ कमी झाली आहे आणि तापतेही आहे, असे दोन्ही एकदम असेल तर याकडे पाहावे. एखादा चाकाचा पाटा बाकीच्या तिघांपेक्षा फार गरम लागला, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटला आहे हे उघड आहे.

काटाही खोटे बोलतो. त्याची वायर बिघडली तर तो चुकीचे तापमान दाखवितो. याहून वाईट म्हणजे पाणी पार आटून गेल्यावर मोजणारा खिळा कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालक समजतो, गाडी निवली. काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा व तांबडा असे दोन दिवे असतात, आणि तांबडा दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून रोज सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची टाकी डोळ्यांनी पाहावी. यास अर्धे मिनिट लागते.

आता ज्याची सर्वांना धास्ती असते त्या हेड गॅस्केटविषयी सांगतो. इंजिनाचा खालचा ठोकळा पुष्कळदा ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात दोहोंमधील गॅस्केट हा फरक सांभाळून घेते. इंजिन फार तापले की हेड वाकते आणि गॅस्केट जळते किंवा फाटते. मग पाणी सिलिंडरमध्ये शिरते, सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो, कधी पाणी तेलात मिसळते. खुणा अशा: बाहेर कोठेही गळती नसताना पाणी रोज कमी होते, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो, तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखे गढूळ दिसते. तेल-भरणीच्या झाकणाखाली थोडासा पांढुरका फेस पावसाळ्यात दमटपणानेही धरतो, तेवढ्यावरून घाबरू नये. पट्टीवरचे तेल पाहावे.

खात्री करावयाची असेल तर गार इंजिनाचे झाकण उघडून, पाणी काठोकाठ भरून, इंजिन सुरू करावे आणि पाण्याकडे पाहावे. आरंभी अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतात व थांबतात. ते थांबलेच नाहीत, इंजिनाच्या ठोक्याबरोबर एकसारखे येत राहिले, तर तो सिलिंडरमधील वायू आहे असे समजावे, इंजिन लगेच बंद करावे आणि गाडी दोरीने ओढून गॅरेजमध्ये न्यावी. पाणी घालत घालत चालवीत नेली तर गॅस्केटच्या खर्चात हेडचा खर्च मिळतो, आणि हेडच्या खर्चात अख्ख्या इंजिनाचा. गॅरेजमध्ये हेड उतरविल्यावर ते सपाट आहे की नाही, हे पोलादी पट्टी लावून आपल्या डोळ्यांसमोर तपासावयास सांगावे; वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसविले तर ते पुढच्याच घाटात जाईल.